माळवदाखालची जमीन

(दृश्य: सोलापूरच्या बाळीवेस भागातला अरुंद बोळ. माळवदावरची, म्हणजे मातीच्या सपाट छतावरची, माती घमेल्यांतून खाली येते आहे.)

जुनं घर पाडायचं नसतं, उतरवायचं असतं. आधी माळवदावरची पांढरी माती, मग किलचन, म्हणजे मातीखालचा लाकडी थर, मग तुळया आणि शेवटी भिंत, तीही वरून खाली. सोलापूरच्या पेठांमधली ही दोन-अडीच फूट जाडीची भिंत बाहेरून बुरुजासारखी दिसते. पण दगडांच्या दोन थरांमध्ये माती आणि चिपाच भरलेल्या असतात. माळवद गेलं की तिला वरून धरणारं काही उरत नाही. पाऊस मुरलेला असेल तर भिंतीला पोट आलेलं असतं. अशा भिंतीला जेसीबीनं खालून धक्का दिला, तर ती कुणाच्या अंगावर येईल हे कुणीच सांगू शकत नाही.

सागवानी तुळया विकल्या जातात, दगड नव्या जोत्याला येतो. म्हणून पाडकाम स्वस्तात झाल्यासारखं वाटतं. खरा पैसा पुढे जातो, मातीत, म्हणजे नव्या घराचा पाया खोदण्यात.

हिशेब करून बघा. २० बाय ३० फुटांची जागा, ९ कॉलम. प्रत्येकाचा खड्डा ५ बाय ५, खोली ६ फूट. एकूण १,३५० घनफूट, म्हणजे साडेतेरा ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). पण उकरलेली माती फुगते. सव्वापट धरली तरी १७ ब्रासच्या आसपास. ट्रॉलीत एक ब्रास बसली तर सतरा खेपा. आणि ट्रॉली बोळात शिरतच नसेल, तर प्रत्येक घमेलं माणसानं रस्त्यापर्यंत वाहून न्यायचं.

(दृश्य: खड्ड्याची कड. काळी माती, खाली पिवळसर मुरूम.)

इथे कुठे दोन फुटांवर मुरूम लागतो, कुठे बरंच खाली गेलं तरी काळीच माती. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया तिच्याखाली न्यावाच लागतो. जोत्याच्या भरावालाही ती चालत नाही. ती बाहेर टाकायची आणि मुरूम विकत आणायचा. खोदताना मुरुमाखाली काळा खडक लागला की जेसीबीची बकेट थांबते, खडक फोडणारा ब्रेकर येतो आणि बिल तासावर चालू होतं. करारात मात्र 'पाया खोदाई' एवढंच लिहिलेलं असतं, आणि भांडण तिथेच पेटतं. करार करण्याआधी दोन कोपऱ्यांत चाचणीचे खड्डे घ्या. माती, मुरूम आणि खडक यांचे ब्रासचे दर वेगवेगळे लिहून घ्या. या दोन खड्ड्यांचा खर्च फार नसतो.

आता त्या खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाकडे बघू.

दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना आधार हवा, असं भारतीय मानक ३७६४ सांगतं. उकरलेली मातीही कडेपासून लांब टाकायची असते. पेठेतल्या प्लॉटवर लांब टाकायला जागाच नसते, म्हणून ढीग कडेलाच लागतो. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. ती छातीपर्यंत आली तरी माणसाला श्वास घेता येत नाही. फळ्या, टेकू आणि शिडी यांचा खर्च वाचवणं मला कधीच पटलेलं नाही.

जुन्या घरात आणखी एक गोष्ट सापडू शकते: पेव. ज्वारी साठवायचं हे तळघर फरशीखाली झाकलेलं असतं. आत धान्याच्या श्वसनातून साठलेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. नुसतं तोंड उघडून ठेवलं म्हणून तो बाहेर येत नाही. पहिला माणूस आत कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही तिथेच राहतो. त्यात कुणीही उतरायचं नाही. वरूनच मुरूम आणि दगड टाकून, ठोकत ठोकत बुजवायचं.

(दृश्य: सामाईक भिंत. घरमालक आणि शेजारच्या मावशी भेगांचे फोटो काढताहेत.)

शेजारच्या घराचा पाया बहुधा उथळ असतो. त्याच्या कडेनं सहा फुटांचा सलग चर काढला, तर ते घर हवेत लटकतं. म्हणून इथे चार-चार फुटांचे तुकडे करायचे. एक खोदायचा, काँक्रीट भरायचं, ते घट्ट झाल्यावर मधला सोडून पुढचा घ्यायचा. वेळ जातो. सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, त्यामुळे हे काम उन्हाळ्यातच उरकावं लागतं.

भेग वाढली तर कळावं म्हणून मावशींनी तिच्यावर खडूनं आडवी रेघ मारली, शेजारी तारीख घातली. खाली पहिल्या चार फुटांवर पहार पडली.