थ्याओ: एका कीटकाचे चिनी अक्षर

蜩 हे चिनी अक्षर १४ रेघांत लिहिले जाते. त्याचा डावा भाग किड्याचा आहे आणि उजवा केवळ उच्चार सुचवण्यासाठी आला आहे. चीनचे पहिले पंतप्रधान चाऊ एन लाय यांच्या आडनावाचे अक्षर म्हणजे हाच उजवा भाग. दोन्ही भाग मिळून ‘थ्याओ’ असा उच्चार होतो आणि अर्थ होतो सिकाडा, म्हणजे झाडाच्या खोडाला चिकटून उन्हाळाभर एकसुरात किरकिरणारा कीटक. आजच्या चीनमध्ये बोलताना त्याच्यासाठी दुसरेच शब्द वापरतात, त्यामुळे हे अक्षर प्रामुख्याने जुन्या साहित्यात भेटते.

‘शिचिंग’ या प्राचीन गीतसंग्रहात, वर्षभराची शेतीची कामे सांगणाऱ्या गीतात, ‘पाचव्या महिन्यात थ्याओ ओरडतो’ अशी ओळ आहे, आणि इसवी सन १०० च्या सुमारास शू शन यांनी आपला कोश रचताना या अक्षराखाली नेमकी तीच ओळ दिली. ‘च्वांगत्स’ या प्राचीन ताओवादी ग्रंथातला प्रसंग मात्र मला सर्वाधिक प्रिय आहे. रानातून जाताना कन्फ्यूशियसला एक कुबडा माणूस दिसतो. जमिनीवर पडलेली वस्तू उचलावी इतक्या सहज तो काठीने सिकाडा टिपत असतो. हे कसे साधले, असे विचारल्यावर तो सांगतो की, आधी दोन, मग तीन आणि शेवटी पाच गोळ्या एकावर एक तोलून धरण्याचा सराव आपण केला, आणि आता विश्व कितीही अफाट असले तरी आपल्याला जाणवतात ते फक्त थ्याओचे पंख.

मध्ययुगीन चीनमध्ये या अक्षराचा उच्चार ‘देउ’च्या जवळचा होता, असे जुन्या उच्चारकोशांवरून भाषाशास्त्रज्ञ मानतात. तोच ध्वनी अक्षरासोबत शेजारच्या देशांत गेला आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा झिजला. व्हिएतनामीत तो ‘दिएउ’ झाला, कोरियनमध्ये ‘जो’; जपानीत पूर्वी ‘तेउ’ असे लिहीत, त्याचे आज ‘चो’ झाले आहे.

जपानने मात्र उसन्या ध्वनीवर न थांबता या अक्षराला ‘हिगुराशी’ हा आपला देशी शब्दही जोडला. हा सिकाडाचा एक विशिष्ट प्रकार असून तो पहाटे आणि तिन्हीसांजेला ‘काना-काना’ असा ओरडतो, आणि त्याच्या नावातच दिवस मावळण्याचा भाव आहे. हायकूच्या परंपरेत सिकाडा सहसा ग्रीष्माचे मानले जातात, हिगुराशी मात्र शरदाचा. त्यामुळे चिनी गीतात भर उन्हाळ्यात ओरडणारे हे अक्षर जपानी कवितेत शरदाच्या संध्याकाळी ऐकू येते.