आयर्विनला किती फूट?

(दृश्य: आयर्विन पूल. खांबाला घासत जाणारं गढूळ पाणी.)

घाटमाथ्यावर पावसानं जोर धरला की सांगलीत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, 'आयर्विनला किती फूट?' 1929 साली खुला झालेला हा पूल म्हणजे कृष्णाकाठची मोजपट्टी. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. कितीला दत्तनगरात पाणी शिरतं, कितीला कुठला रस्ता बंद होतो, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ असतं.

2005 साली पाणी 53 फुटांच्या पुढं गेलं आणि तीच शेवटची रेघ असं लोकांनी धरलं. म्हणून ऑगस्ट 2019 मध्ये पाणी चढत असताना, 'तेव्हा इथवर आलं नव्हतं' या भरवशावर कित्येक कुटुंबं घरातच थांबली. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची नाव उलटली. 17 जीव गेले.

दोनच वर्षांत, जुलै 2021 मध्ये, पुन्हा महापूर. त्या वेळी महाबळेश्वरला 24 तासांत 590 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता.

(दृश्य: कराडचा प्रीतिसंगम, मग हरिपूरचा संगम.)

कोयना कराडला कृष्णेत येते, वारणा हरिपूरला. वर कोसळलेलं पाणी शेवटी सांगलीच्याच दारात येतं. धरणांचा विसर्ग, नदीपात्रालगतची बांधकामं, बुजवलेले नाले यांचा वाटा आहेच. पण पाऊसही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. अरबी समुद्र तापतोय, हवा जास्त बाष्प धरून ठेवते आणि ते थोड्या दिवसांत ओतते. 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. जुन्या पुरावर बांधलेले ठोकताळे म्हणूनच धोक्याचे झालेत.

मग गावानं काय करायचं?

आधी आपला आकडा काढायचा. शाळेच्या, चावडीच्या भिंतीवर 2005, 2019, 2021 च्या रेघा ओढायच्या. प्रत्येक गल्लीत पाणी आलं तेव्हा आयर्विनला किती फूट होते, ते शेजारी लिहायचं. आणि घर सोडायचं ठरवताना सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर पाणी येईल असंच धरायचं.

दुसरं, जनावरं. दावणीला म्हैस असताना शेतकरी घर सोडत नाही, हे महापुरात गावोगाव दिसलं. तेव्हा आधी जनावरं हलवा. कुठल्या माळावर न्यायची, वैरण कुणी पोचवायची, हे उन्हाळ्यातच ठरवा. गोठा रिकामा झाला की माणसं निघतात.

नाव असेल तर तिची दुरुस्ती मेमध्ये करा. किती माणसं बसवायची, तो आकडा नावेवरच रंगवा आणि त्यापुढं एकही माणूस चढू देऊ नका. लाइफ जॅकेट सगळ्यांना पुरतील इतकी हवीत. अंथरुणाला खिळलेली माणसं, दिवस भरत आलेल्या बाया यांची यादी आशाताईंकडं असतेच. त्यांना पाणी गल्लीत यायच्या आधी हलवा.

(दृश्य: तासगावची द्राक्षबाग, मग जतचा कोरडा माळ.)

पूर्वेकडचं दुखणं वेगळं. तासगाव, मिरजेच्या बागांत ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की दावण्या हा बुरशीचा रोग पसरतो, फुलोऱ्यातले घड कुजतात. प्लॅस्टिक आच्छादनानं बाग वाचते, पण तो खर्च लहान बागायतदाराला एकट्यानं झेपत नाही. तिथं अनुदान हवंच. सगळी बाग एकाच आठवड्यात न छाटता टप्प्याटप्प्यानं छाटली, तर निदान सगळं पीक एका पावसात सापडत नाही.

आणि जत, आटपाडी. जिल्हा तोच, इकडं घरं पाण्यात, तिकडं टँकरची वाट. पावसाळ्यात म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांचे पंप चालवून तलाव भरायला हवेत. यानं सांगलीचा महापूर उतरणार नाही. पुराच्या लोंढ्यापुढं पंप उचलतात ते पाणी फारच थोडं. पण तेवढ्या पाण्यावर जतच्या कित्येक वस्त्यांचा उन्हाळा निघेल, आणि त्यासाठी पंप, कालवे, वीजबिल यांची तजवीज जूनच्या आत व्हायला हवी.