गल्ल्यावरचा चेहरा

(दृश्य – नाशिक, भांडी बाजार. शटर वर जातं. हंडे, कळश्या, घंगाळं एकेक करून बाहेर मांडली जातात.)

गूगल मॅपवर हे दुकान शोधलं की सगळ्यात आधी एक चेहरा दिसतो, आणि तोही पुरता नाही. उजव्या बाजूने कुणाचा तरी खांदा घुसलाय, वर फेट्याचं एक टोक. भाचीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून मुलाने कधीतरी घाईघाईत कापून टाकलेला हा फोटो. तेव्हापासून तोच आहे.

(दृश्य – गल्ल्यावर बसलेल्या बाई. नाकावर चष्मा, समोर वजनकाटा.)

आणि या त्याच बाई. सासऱ्यांच्या मागे दुकान यांनी सांभाळलं. तांब्याचा आजचा भाव, मोडीत घेतलेल्या पितळेचे किती द्यायचे, कुठल्या पातेल्याला कल्हई हवी, सगळं तोंडपाठ. अख्खा बाजार त्यांना काकू म्हणतो, आम्हीही तेच म्हणू.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. गोदेचं पाणी घरी न्यायला तांब्याचा गडू लागतो, आणि बाहेरगावचा भाविक आता वाट विचारायच्या आधी मोबाइल काढतो. तिथे बघितलेलाच चेहरा त्याला दुकानात भेटला पाहिजे. धंद्याच्या फोटोकडून एवढीच अपेक्षा. छान दिसणं नंतरचं.

म्हणून काकूंनी फोटो काढून घ्यायचं ठरवलं. नीट, स्टुडिओत, पैसे देऊन.

(दृश्य – जुन्या पाकिटातून निघालेले पासपोर्ट साइझ फोटो. सगळ्यांत एकच चेहरा, एकच ताण.)

आपल्याकडे दुकानदाराला फोटो म्हटलं की पासपोर्ट साइझच आठवतो. नाशिककराला तर जास्तच आठवावा. देशाच्या पासपोर्ट पुस्तिका जिथे छापल्या जातात ती इंडिया सिक्युरिटी प्रेस इथेच आहे, नाशिकरोडला. त्या फोटोत मागे पांढरा पडदा, मान सरळ, ओठ मिटलेले. तिथे अधिकाऱ्याला माणूस पडताळून बघायचा असतो, तेव्हा ते बरोबरच आहे. गिऱ्हाइकाला काकूंना पडताळून बघायचं नसतं, त्यांच्याशी घासाघीस करायची असते. त्यासाठी जरा बोलका चेहरा लागतो.

(दृश्य – काकू फोनवर.)

फोटोग्राफर कॉलेज रोडचा, काकूंच्या मुलाच्या वयाचा. त्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "काकू, दुकानात रोज काय नेसता?"

"सुती. पण फोटोला येवल्याची पैठणी काढलीये."

पलीकडे क्षणभर शांतता.

पैठणीबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. पण स्टुडिओचा लाइट जरीवर पडला की काठ चमकून उठतात आणि बघणाऱ्याचा डोळा आधी पदरावर जातो, चेहऱ्यावर मागाहून. शिवाय पैठणी नेसून हंडा कोण विकतं? शेवटी ठरलं ते असं: गडद निळी सुती साडी, बारीक काठ, ब्लाउज त्याच रंगातला. अगदी बारीक चौकड्याचं किंवा बारीक रेघांचं कापड टाळायचं, कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर त्यावर इंद्रधनुष्यासारख्या लहरी उमटतात. आणि साडी कोणतीही असो, इस्त्री हवीच. चुरगळलेला पदर कॉम्प्युटरवर सरळ करत बसण्यापेक्षा दहा मिनिटं इस्त्री फिरवणं स्वस्त पडतं.

पुरुषांची गोष्ट याहून सोपी, तरी तेच जास्त चुकतात. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत वर्कशॉप चालवणारा माणूस फोटोपुरता मेव्हण्याचा ब्लेझर मागून आणतो. खांदे बाहेर, बाह्या मनगटाखाली. वर्षभर त्याला कुणी ब्लेझरमध्ये बघितलेलं नसतं, पुढेही बघणार नसतं. त्यापेक्षा मापाचा, कॉलर ताठ असलेला साधा शर्ट केव्हाही चांगला. दाढी ठेवत असाल तर एक-दोन दिवस आधी कोरून घ्या, आणि रोज करत असाल तर त्या सकाळी घाई करू नका. कापल्याची लाल रेघ मोठ्या फोटोत हमखास दिसते.

(दृश्य – दिनदर्शिका. फोटोच्या तारखेभोवती पेनाने गोल.)

आता चेहऱ्याचं. आपल्याकडे समारंभाच्या आदल्या दिवशी फेशियल करायची पद्धत आहे. फोटोसाठी ती सोडा. त्वचेला काही मानवलं नाही तर लाली आणि पुटकुळ्या नेमक्या दुसऱ्या दिवशी हजर. काकूंनी केसांना मेंदी आठवडाभर आधी लावली, म्हणजे ताजा तांबूस रंग थोडा बसतो. थ्रेडिंग दोन दिवस आधी. आदल्या रात्री पापड-लोणचं कमी, कारण जास्त मीठ पोटात गेलं की सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते. आणि झोप. कॉम्प्युटरवर बरंच काही पुसता येतं, जागरणाने मंदावलेली नजर काही परत आणता येत नाही.

चष्म्यावरून मात्र घरात वाद झाला. मुलगी म्हणाली, "आई, चष्मा काढ, तरुण दिसशील." काकूंनी ऐकलं नाही, आणि बरोबर केलं. ज्या बाईला गिऱ्हाइकांनी कायम चष्म्यातूनच आपल्याकडे बघताना पाहिलंय, तिचा चष्मा काढला तर फोटोतली बाई वेगळीच व्हायची. काचेवर चमक येते ती घालवायला फोटोग्राफर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलतो, काच खाली झुकते आणि लाइटचं प्रतिबिंब कॅमेऱ्याला चुकवून जातं. उन्हात आपोआप काळी होणारी काच असेल तर दुसरी जोडी सोबत ठेवा. बाहेर फोटो काढायचा झाला तर ती काच डोळेच झाकून टाकते.

टिकली रोजची, पण खड्याची नको. तो एवढासा खडा कपाळावर दिव्यासारखा पेटतो.

(दृश्य – स्टुडिओ. पांढरी छत्री, मागे राखाडी पडदा. काकू स्टुलावर ताठ बसलेल्या.)

आणि इथे सगळी तयारी हवेत विरली. कॅमेरा समोर आला आणि काकूंचा चेहरा पुन्हा पासपोर्टचा झाला.

कॅमेऱ्याची ही धास्ती जुनी आहे. दादासाहेब फाळके आपल्याच त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. सिनेमाच्या आधी त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला. बडोद्यात त्यांचा हा धंदा चालेना, आणि त्याचं कारण असं सांगतात की कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो, माणूस दगावतो, अशी गावात वदंता होती. आज तसं कुणी म्हणत नाही. पण स्टुलावर बसल्या बसल्या खांदे कानांपर्यंत चढतातच.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली ठेवला. "काकू, आमच्या आईला पाणी तापवायचा बंब घ्यायचाय. तांब्याचा घेऊ का पितळेचा?"

झालं. काकू पुढे सरकल्या, हात उचलला, भिवया वर. "किती माणसं आहेत घरात? चूल आहे का अंगणात?" बोलता बोलता खांदे आपोआप उतरले. मध्येच क्लिक, पुन्हा क्लिक. बंब कुणी घेतला नाही, पण त्या दिवशीचे कामाचे फोटो सगळे तेव्हाचे आहेत.

(दृश्य – बाजूने घेतलेला शॉट. काकू हनुवटी पुढे काढतात आणि स्वतःच हसतात.)

एक सूचना तेवढी विचित्र वाटते. "हनुवटी पुढे... आता थोडी खाली." बाजूने बघाल तर माणूस कासवासारखा दिसतो. समोरून मात्र जबड्याची कड स्पष्ट होते आणि गळ्याखालची घडी सावलीत जाते. अंग कॅमेऱ्याला थोडं तिरकं, चेहरा कॅमेऱ्याकडे. ताठ समोर बसलं की खांदे रुंद दिसतात आणि पुन्हा पासपोर्टची आठवण होते.

घरी मोबाइलवर सेल्फी काढून हे का जमत नाही, असं मुलीने विचारलंच. कारण अंतर. २०१८ साली अमेरिकी संशोधकांनी याचं गणित मांडलं होतं: १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद भासतं. नाक कॅमेऱ्याजवळ, कान लांब, एवढाच हिशोब. म्हणून फोटोग्राफर पाच-सहा फूट मागे जातो आणि ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लावून चेहरा जवळ आणतो. स्टुडिओ परवडत नसेल तर मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्या, त्याला मागे उभं करा आणि दोन पट झूम करायला सांगा. खिडकी बाजूला हवी, डोक्यावरची ट्यूबलाइट बंद. बरंच काम होतं.

आणि ती नवी ॲप्स, चार सेल्फी घेऊन सुटाबुटातला फोटो बनवून देणारी? बनवतात, झकास बनवतात. काकूंच्या मुलीने एक करून बघितला. त्यात काकू एखाद्या बँकेच्या चेअरमन दिसत होत्या. त्या बाईंना शोधत दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने काय करायचं?

(दृश्य – पुन्हा दुकान. फोटोग्राफर मांडलेल्या हंड्यांमधून वाट काढतोय.)

दुसरा फोटो दुकानातच काढायचा ठरला होता. इथे वेगळीच अडचण निघाली. चिंच लावून घासलेले तांब्याचे हंडे मागेपुढे मांडलेले, आणि दारातून आलेला उजेड त्यांच्यावरून उसळून काकूंच्या गालावर. एक गाल नारिंगी, एक गाल नेहमीचा. हंडे दोन हात मागे सरकवले, दुसऱ्या बाजूने थर्माकोलची पांढरी शीट धरली, तेव्हा कुठे रंग जागेवर आला. गल्ली अरुंद आहे, त्यामुळे ऊन थेट अंगावर येत नाही, ही चांगली गोष्ट. पण उजेड वरून उतरतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. ती शीट जरा खाली, कमरेपाशी धरली की डोळ्यांत चमक येते. ती धरायला शेजारच्या दुकानातला पोरगा उभा राहिला, आणि त्याचा स्वतःचा फोटो निघेपर्यंत हलला नाही.

तांब्याचं आणि फोटोचं नातं तसं जुनंच. १८३९ साली फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या माणसाने स्वतःचा फोटो काढला. जगातल्या सर्वांत जुन्या व्यक्तिचित्रांमध्ये तो गणला जातो. तो उमटला होता चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर. आणि हा कॉर्नेलियस कोण? घरच्या दिव्यांच्या कारखान्यात धातूला मुलामा देणारा कारागीर. आपल्या दुकानाच्याच मागे कॅमेरा लावून तो उभा राहिला. केस विस्कटलेले, हाताची घडी, आणि चौकटीच्या मधोमधसुद्धा नाही. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्याच लाइनीतला."

(दृश्य – लॅपटॉप. पडद्यावर काकूंचे फोटो शेजारी शेजारी.)

सगळ्यात अवघड भाग निवडीचा. काकूंना एकही फोटो पसंत पडेना. "माझा भांग असा कुठे आहे? तोंड वाकडं वाटतंय." तोंड वाकडं नाही. आपण स्वतःला जन्मभर आरशात बघतो, म्हणजे उलटं बघतो. १९७७ च्या एका अमेरिकी अभ्यासात बायकांना स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटा. त्यांना स्वतःला बहुतेक वेळा उलटाच आवडला, आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ. ज्याला ज्याची सवय.

म्हणून निवड दुसऱ्यावर सोपवावी, पण घरच्यांवर नको. घरच्यांना तरुण दिसणारा फोटो हवा असतो. काकूंनी लॅपटॉप फिरवला तो दुकानातल्या जुन्या कारागिराकडे. त्याने फार वेळ घेतला नाही. "हा. यात तुम्ही भाव सांगायच्या बेतात आहात."

तोच घेतला. साफसफाईत फोटोग्राफरने एक पुटकुळी आणि पदरावरचा धागा काढला. हनुवटीवरचा तीळ पुसायला निघाला होता, काकूंनी हात धरला.

(दृश्य – मोबाइलच्या पडद्यावर गोलात बसलेला नवा फोटो.)

राहिल्या व्यवहाराच्या गोष्टी. व्हॉट्सॲप असो की गूगल, चौकोनी फोटो बहुतेक ठिकाणी गोलात कापला जातो, तेव्हा डोक्याच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडून काढलेली फाइल मागून घ्या. हक्काचंही आधीच बोलून घ्यावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन आपल्यासाठी काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. बरेच स्टुडिओ बिलाच्या मागे बारीक अक्षरांत तो वेगळा करार छापून ठेवतात. सही करायच्या आधी बिल उलटून बघा.

आणि दोन फाइली घ्या: मोबाइलसाठी हलकी, छपाईसाठी मूळ मोठी. काकूंनी व्हिजिटिंग कार्डासाठी फोटो प्रेसवाल्याला व्हॉट्सॲपवर धाडला, तासाभरात त्याचा फोन. "काकू, फाटतोय फोटो." तो साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याला दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. मुलीने पाठवला, आणि कार्डं छापायला गेली.