बोटातून रक्त घेताना

उद्यापासून तुम्ही शिबिरांत साखर आणि हिमोग्लोबिन तपासायला बसणार आहात. म्हणून मला ज्याची सर्वांत जास्त काळजी वाटते, तिथूनच सुरुवात करतो. लॅन्सेट, म्हणजे टोचायची छोटी सुई, बसवून खटका दाबायचा, ते पेनसारखं साधन तुम्ही पाहिलं असेल. ते एकाच माणसाने स्वतःपुरतं वापरायचं असतं. ‘सुई दर वेळी बदलतो की!’ असं अनेक जण सांगतात. पण पेनाचं टोक प्रत्येक बोटावर टेकतं आणि डोळ्यांना न दिसणारं रक्त तिथे राहतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो. असं एकच पेन अनेकांना वापरल्याने वृद्धांच्या निवासी केंद्रांत ही कावीळ पसरली, माणसं दगावली, याच्या नोंदी आहेत. साखर बघायला म्हणून हात पुढे केलेली माणसं होती ती. त्यामुळे शिबिरात पेन आणायचंच नाही. एकदा टोचलं की सुई आत जाऊन कायमची बंद होते, तेच लॅन्सेट वापरायचं.

ग्लुकोमीटर अनेकांसाठी असेल, तर दर माणसामागे तो कंपनीने सांगितलेल्या जंतुनाशकाने पुसायचा. हातमोजे दर माणसाला नवे. मोज्यांवरच स्पिरिट चोळून पुढच्याला बोलावलेलं चालणार नाही.

आता बोट. मधलं किंवा अनामिका, तेही समोरचा कमी वापरतो त्या हाताचं. करंगळीत कातडी आणि हाड यांच्यात मांस फार थोडं असतं. तान्ह्या बाळाचं तर बोट नकोच. टाचेच्या कडेतून घेतात, आणि ते वेगळं शिकावं लागतं. हात गार असेल तर आधी ऊब द्या, नुसता खाली सोडायला सांगितला तरी फरक पडतो. शक्यतो साबणाने धुवायला लावा. नुकतंच फळ सोललेल्या बोटावरची साखर आकडा खोटाच वाढवते, आणि स्पिरिटच्या एका बोळ्याने ती पुरती जात नाही.

स्पिरिट लावलं की वाळू द्या, फुंकर मारू नका. ओलं असताना टोचलं तर झोंबतं आणि रक्तपेशीही फुटतात. टोचायचं ते पेराच्या मधोमध नाही, किंचित कडेला, ठशांच्या रेषांना आडवं. म्हणजे थेंब गोल धरतो, रेषांतून ओघळत नाही. पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून टाका, त्यात पेशींमधलं पाणी मिसळलेलं असतं. आणि कृपा करून बोट पिळू नका! पिळलं की तेच पाणी रक्तात उतरतं आणि हिमोग्लोबिन आहे त्याहून कमी दिसतं. थेंब आला नाही तर नवं लॅन्सेट घेऊन दुसऱ्या बोटाला टोचा, पण त्या माणसाला विचारून.

वापरलेलं लॅन्सेट हातातून थेट जाड डब्यात गेलं पाहिजे. डबा हाताच्या अंतरावर असावा आणि तीन चतुर्थांश भरला की बंद करावा. एवढं करूनही तुम्हालाच टोचलं, तर जखम दाबून रक्त काढत बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि जितकी लवकर तितकी बरी. रांग संपेपर्यंत थांबू नका. हिपॅटायटिस बीची लस ज्यांनी घेतलेली नाही, त्यांनी मला आत्ताच, बाहेर पडण्याआधी भेटा.