बालवाडीत कॉम्प्युटर लावताय? रॅम राहू दे, आधी टेबल बघा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच प्रश्नाच्या, बालवाडीच्या वर्गासाठी प्रोसेसर कुठला, रॅम किती. अहो, चार वर्षांचं पोर चित्र काढणार आहे, त्याला गेमिंगचा पीसी कशाला? साधं मशीन घ्या, टक्स पेंट (चित्रं काढायचं) आणि जीकॉम्प्री (खेळत शिकायचं) ही सॉफ्टवेअर टाका, दोन्ही फुकट, नेट नसलं तरी चालतात, वायरी भिंतीच्या बाजूने न्या, सॉकेटला झाकणं लावा, झालं.

आता मुद्द्याचं, उंची! एका वर्गात बघितलं मी, एवढीशी पोरगी मोठ्यांच्या खुर्चीवर गुडघे टेकून बसलेली, एका हाताने टेबलाची कड घट्ट धरलेली, दुसऱ्यात माऊस, आणि बाई मागून, "नीट बस गं!" कशी बसणार? सरळ बसली तर पाय लटकतात तिचे! तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत, कोपर माऊसच्या लेव्हलला, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली. डोळे मुलाचे हं, तुमचे नाही.

लगेच कोणीतरी लिहिणार, "आम्ही उशी देतो." उशीने पोर वर गेलं, पाय आणखी अधांतरी! उशी दिलीत तर पायाखाली पाटही द्या. आणि मॉनिटर सीपीयूच्या डब्यावर चढवून ठेवणारे, तुम्हाला तर हात जोडते, उतरवा तो. पोरं मान वर करून बघतात आणि आपण कौतुकाने फोटो काढतो.

अजून पटत नसेल तर वर्गात जा, मुलाच्या खुर्चीपाशी खाली बसा, डोकं त्याच्या डोक्याच्या जागी आणा आणि स्क्रीन बंद करून बघा, काळ्या काचेत खिडकी दिसतेय का? उभं राहून ते कळतच नाही. दिसली तर स्क्रीन खिडकीला काटकोनात फिरवा, पण बाईंना वर्गातून कुठूनही दिसेल अशी.

एका कॉम्प्युटरला खुर्च्या दोन. "भांडतात हो" अशी कमेंट येतेच. भांडू देत की, "आता माझी पाळी" हे तिथेच शिकतात.

वेळेचं म्हणाल तर डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघायला दिवसाला जास्तीत जास्त १ तास सांगितलाय, कमी असेल तर उत्तमच. आणि त्यात घरचा मोबाईलही आला, तेव्हा शाळेने अख्खा तास आपलाच धरू नये.

हां, आणि विंडोज असेल तर पॉइंटर मोठा करा, डबल क्लिकचा स्पीड कमी करा आणि स्टिकी कीजचा (एकत्र दाबायच्या कीज एकेक करून दाबायची सोय) शॉर्टकट बंद करा, कारण शिफ्ट ५ वेळा दाबलं की मध्येच स्क्रीनवर त्याची चौकट उघडते, आणि ही मंडळी शिफ्ट ५ नाही, ५० वेळा दाबतात.