तेलात अडकलेले द्रावक

गोव्यात काजू म्हटला की बोंडू, हुर्राक आणि फेणी आठवते. या चंबूतला तपकिरी द्रव मात्र काजूबियेच्या टरफलातील तेलापासून मिळवलेला कार्डानॉल आहे. पणजीजवळच्या या प्रयोगशाळेत त्यावर इथाइल ब्रोमोॲसिटेटची अभिक्रिया करून एक नवे एस्टर तयार केले जात आहे. पोटॅशियम कार्बोनेट आणि कार्डानॉल या दोघांना एकत्र नांदवणारे द्रावक म्हणून येथे डायमिथाइल फॉर्मामाइड, म्हणजेच डीएमएफ वापरले आहे. अभिक्रिया उत्तम होते, पण ती संपल्यावर द्रावक जागा सोडत नाही.

डीएमएफचा उत्कलनबिंदू १५३ अंश सेल्सियस आहे. ते ४० अंशांच्या आसपास उकळायचे असेल, तर दाब सुमारे ११ मिलिबारपर्यंत उतरवावा लागतो. रोटरी इव्हॅपोरेटरला, म्हणजे फिरत्या चंबूतले द्रावक कमी दाबाखाली उडवणाऱ्या उपकरणाला जोडलेला हा पंप नळाच्या धारेवर चालतो आणि पाण्याच्या स्वतःच्या बाष्पदाबाखाली तो जाऊ शकत नाही. गोव्याच्या उन्हाळ्यात नळाचे पाणी ३० अंशांवर असते आणि त्या तापमानाला हा बाष्पदाब ४२ मिलिबार भरतो. त्यामुळे डीएमएफ उडवण्यासाठी चंबू तापवणारा बाथ ७० अंशांच्या वर न्यावा लागतो. कार्डानॉलच्या पंधरा कार्बनांच्या साखळीत दुहेरी बंध असतात, त्यामुळे अशा तेलाला तासन्‌तास तापवत ठेवणे आम्हाला योग्य वाटत नाही. शिवाय उत्पादन तेल असल्यामुळे स्फटिक करून ते शुद्ध करण्याचा मार्गही बंद आहे.

म्हणून येथे उष्णतेऐवजी पाण्याला काम दिले आहे. अभिक्रिया-मिश्रण आधी दहापट पाण्यात ओतले जाते. त्यानंतर सेपरेटिंग फनेलमध्ये, म्हणजे न मिसळणारे थर वेगळे करणाऱ्या तोटीच्या भांड्यात, हेक्झेन आणि थोडे इथाइल ॲसिटेट घालून तेल वरच्या थरात ओढून घेतले जाते. नुसते इथाइल ॲसिटेट घेतले तर डीएमएफही त्याच्याबरोबर वर येते, हेक्झेनमध्ये मात्र ते फारसे रमत नाही. हा वरचा थर आता लिथियम क्लोराइडच्या पाच टक्के द्रावणाने धुतला जात आहे, कारण या क्षारामुळे डीएमएफ पाण्याच्या थरातच राहणे पसंत करते. सगळे पाणी एकदम न ओतता त्याचे लहान वाटे केले आहेत. प्रत्येक धुण्यात एक पंचमांश डीएमएफ मागे राहते असे धरले, तरी चौथ्या धुण्यानंतर ते मूळ प्रमाणाच्या ६२५ व्या हिश्श्यावर येते. दोन थरांमध्ये दिसणारा हा दुधी पट्टा मिठाच्या संपृक्त द्रावणाने मोडतो. फनेल हलक्या हाताने फिरवले असते, तर तो इतका जाड झालाच नसता.

धुण्याचे पाणी बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या कॅनमध्ये साठवले जाते, कारण डीएमएफ यकृताला घातक असून ते त्वचेतूनही शरीरात शिरते; औषधांमध्ये त्याची मर्यादा ८८० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ८८० भाग आहे.

निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवलेला थर पुन्हा रोटरी इव्हॅपोरेटरवर चढतो. या वेळी ४० अंशांचा बाथ पुरेसा होतो, कारण उडवायला फक्त हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट उरलेले असतात.

पडद्यावर आता दोन एनएमआर वर्णपट आहेत, म्हणजे रेणूतील हायड्रोजन अणूंचे चुंबकीय क्षेत्रातील संकेत दाखवणारे आलेख. वरचा धुण्याआधीचा आहे: आडव्या मोजपट्टीवर ८.०२ वर डीएमएफचा एक उभा सुळका, आणि २.९६ व २.८८ वर त्याच्या दोन मिथाइल गटांची जोडी. डीएमएफ हे अमाइड आहे आणि त्याचा कार्बन-नायट्रोजन बंध सहज फिरत नसल्यामुळे हे दोन गट वेगळे दिसतात. खालचा वर्णपट पाचव्या धुण्यानंतरचा आहे. त्यात ८.०२ च्या जागी सरळ रेषा आहे.