विजयदुर्ग : गोळ्यांच्या खुणा आणि एक गोदी

(दृश्य : विजयदुर्ग बंदर, ओहोटीची वेळ. जेट्टीवरून दिसणारा तट.)

तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्ग सोडला की पन्नासेक किलोमीटरवर रस्ता संपतो, तो विजयदुर्ग बंदरातच. देवगड तालुक्याचं हे टोक. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी, शेजारी वाघोटन खाडीचं मुख. शिलाहार राजा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला असं मानतात. 1653 मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला आणि तिहेरी तटानं बळकट केला. इंग्रजांच्या कागदांत याचं नाव घेरिया.

दरवाजातून शिरलात की तोफगोळे दिसतात. त्यांना काचेचं कपाट नाही. पण खरं पाहायचं ते तटावर.

(दृश्य : समुद्राकडचा तट, अगदी जवळून.)

या चिऱ्यांत दोन तऱ्हेचे खड्डे आहेत. खाऱ्या वाऱ्यानं पोखरलेले चिरे जाळीदार होतात. खड्डे उथळ, आणि सगळीकडे सारखेच. गोळ्याचा मार निराळा. एकच खोल खळगा, आणि भोवतीच्या चिऱ्यांच्या कडा उडालेल्या. एकदा नजर बसली की फरक आपोआप कळतो.

कान्होजी आंग्र्यांच्या काळात, 1717 आणि 1720 मध्ये, इंग्रज इथं आपटी खाऊन गेले. 1724 मध्ये डच आले, तेही हात हलवत परतले. मग उजाडला फेब्रुवारी 1756. समुद्रातून इंग्रजांचा अॅडमिरल वॉटसन, जमिनीवरून क्लाइव्ह. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला नांगरलेलं. त्यात 'रिस्टोरेशन' होतं, इंग्रजांकडूनच जिंकलेलं जहाज. एक गोळा नेमका त्याच्यावर पडला, आग एका गलबतावरून दुसऱ्यावर गेली, आणि आंग्र्यांचं अख्खं आरमार जळालं.

इंग्रजांना या कामात सोबत घेतलं होतं नानासाहेब पेशव्यांनी. तुळाजी त्यांना जुमानत नव्हते, हे खरं. पण घरचं भांडण मिटवायला परक्याच्या तोफा आणल्या, आणि पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना धाक राहील असं बळ हातानं घालवलं. हा हिशेब कसाही मांडा, तोट्याचाच निघतो.

(दृश्य : साहेबाचा कट्टा.)

पर्यटकांची गर्दी मात्र या कट्ट्यावर. हेलियमचा शोध इथून लागला, असं सांगतात. पण 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी पाहिला, तो गुंटूरहून. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी त्यातली पिवळी, म्हणजे हेलियमची, रेषा अभ्यासली ती त्याच वर्षी ऑक्टोबरात, इंग्लंडात बसून. बाकी कट्टा बसायला झकास आहे. समुद्र पुरा दिसतो.

तटापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली एक भिंतही आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या माणसांनी बुडी मारून ती तपासली. लांबी सुमारे 122 मीटर.

(दृश्य : गिर्ये, खाडीकाठ.)

आता किल्ल्याबाहेर चला. गिर्ये गावाजवळ खाडीच्या काठी कातळ फोडून केलेली आंग्र्यांची गोदी आहे, सुमारे 109 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की तळ उघडा पडायचा. मग सुतार कामाला लागायचे. आरमार म्हटलं की आपल्याला तोफा आठवतात, पण लाकडाच्या गलबताला तोफेइतकीच गरज असते डागडुजीची.

1756 च्या अखेरीस बाणकोटच्या बदल्यात किल्ला इंग्रजांकडून पेशव्यांना मिळाला आणि इथलं आरमार पेशव्यांचे सरदार धुळप यांच्याकडे आलं. 1783 मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडून विजयदुर्गात आणलं. 1818 मध्ये मराठेशाहीबरोबर किल्लाही गेला.

जुलै 2025 मध्ये विजयदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. तेव्हा माणसं येतीलच. आलात तर गोदी चुकवू नका. गिर्यात कुणालाही विचारा, आणि जायचं ते ओहोटीला. भरतीत फोडलेला कातळ बराचसा पाण्याखाली असतो.